शांत माणसांची रांग

खारवली बंदराच्या टर्मिनलवर त्या दिवशी सगळ्यांत आधी कोण पोचलं असेल, तर हेमंतराव टिपुगडे. जहाजावर चढायचं दार बारा वाजता उघडणार होतं आणि सव्वाचारला बंद होणार होतं. हेमंतराव नऊ वाजून दहा मिनिटांनी हजर. बरोबर बायको सुचेता, चाकांच्या दोन बॅगा, रुखवताचं एक खोकं आणि खांद्याला खणाची पिशवी. त्या पिशवीत लेकीच्या मुंडावळ्या होत्या, म्हणून ती ते कोणाच्याही हाती देत नव्हते.

"बघ," रिकाम्या हॉलकडे हात करून ते म्हणाले, "पहिला नंबर आपला."

सुचेता एका बॅगेवर टेकली. पहाटे चारला घरून निघताना तिनं एकदाच विचारलं होतं, की इतक्या लवकर जाऊन करायचंय काय. पण हेमंतरावांना असं विचारणं म्हणजे देवळाच्या पायरीवर उभं राहून गुरवाला देव आहे का म्हणून विचारण्यातला प्रकार.

हेमंतरावांनी एस.टी.त चौतीस वर्षं काढली, त्यातली एकवीस वाहतूक नियंत्रक म्हणून. तालुक्याच्या स्टँडवर काचेच्या केबिनमध्ये बसायचं, समोर माइक, हातात नोंदवही. गाडी फलाटाला लागायचा अवकाश, लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. रुमाल, टोपी, भाजीची पिशवी, एकदा तर एकानं तान्हं पोर आत सरकवलं होतं. हेमंतराव केबिनमधून उतरत, गाडीत चढत आणि सगळे रुमाल गोळा करून फलाटावर भिरकावत. मग परत येऊन माइकवर एकच वाक्य: "रांगेत या. रांग म्हणजे रांग." गावातली पोरं त्यांची नक्कल करायची. हेमंतरावांना त्या नकलेचाही अभिमान होता.

आज त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, मिहिकाचं लग्न होतं. जावई अखिल कोचीचा. त्याची माणसं कोचीलाच जहाजात बसली होती आणि मिहिकाही त्यांच्याबरोबर होती. जहाज खारवलीला थांबून इथली हजारभर माणसं घेणार, भरतीच्या पाण्यावर साडेचारला निघणार, आणि सहा वाजून बेचाळीस मिनिटांच्या गोरज मुहूर्तावर भर समुद्रात अक्षता पडणार. जहाजावर लग्न ही हौस नव्या पिढीची. पण कन्यादान मात्र आईबाबांनी जोडीनं बसूनच करायचं, हा मिहिकाचा हट्ट होता. त्यासाठी हेमंतरावांनी नवीन सोवळं घेतलं होतं.

दाराशी गणवेशातली एक मुलगी उभी होती. छातीवरच्या पाटीवर नाव रेश्मा. तिनं दोघांच्या मनगटाला एकेक करडी पट्टी बांधली. हेमंतरावांच्या पट्टीवर आकडा उमटला चौदा, सुचेताच्या पट्टीवर बावीस. खाली दोघांनाही एकच ओळ: रांग क्रमांक नऊ.

"नऊ कशी?" हेमंतराव म्हणाले. "आम्ही पहिले आलोय."

"हो काका. पण इथे आल्याचा नंबर नसतो."

"मग कशाचा असतो?"

"क्षोभांकाचा," रेश्मा पाठ केलेलं हसू हसून म्हणाली. "तिकिटाबरोबर नियमावली पाठवली होती ना आम्ही. अठरा पानांची."

हेमंतरावांनी तिच्यातली फक्त वेळ वाचली होती. रांगेचे नियम त्यांना कोण शिकवणार?

दुपारी एकपर्यंत हॉल भरला, आणि काय भरला. लोक दारातून आत येत होते तेच तापून. एक बाई नवऱ्याला सगळ्यांदेखत नालायक म्हणत होती आणि नवरा तिच्या आईचा उद्धार करत होता. दोन भाऊ एकमेकांच्या कॉलरला हात घालून उभे होते. म्हातारे सासरे सुनेवर खेकसत होते. अशा प्रत्येकाची पट्टी थरथरायची, फरशीवर बाण उजळायचा, आणि ते कुटुंब भांडत भांडतच सातव्या, चौथ्या, दुसऱ्या रांगेत सरकायचं. एक नंबरची रांग दाराला लागून होती, तांबड्या पट्टीवाल्यांची. तिथून माणसं भराभर आत जात होती. नऊ नंबर पार मागच्या भिंतीशी. तिथे हेमंतराव बॅगेवर हात ठेवून सरळ उभे होते आणि त्यांच्या पुढे माणसं वाढतच चालली होती.

शेजारच्या आठ नंबरच्या रांगेत कुबल नावाचे एक गृहस्थ होते. मुंबईत कॅटरिंगचा धंदा, ही त्यांची सहावी सफर. हेमंतरावांचा चेहरा बघून त्यांनीच सगळं सांगितलं, आणि तेही चिडूनच.

छताला दर चार फुटांवर एक पांढरी डबी होती. तिच्यातून रडारच्या लहरी सुटतात आणि माणसाच्या छातीवर आपटून परत फिरतात. श्वासानं छाती बोटभर हलते, काळजाच्या ठोक्यानं केसभर. परतणाऱ्या लहरींत तो केसभर फरकही उमटतो, त्यामुळे अंगाला हात न लावता, कपड्यांवरूनच नाडी मोजता येते. उष्णता पाहणारा कॅमेरा कपाळ आणि नाकाचा शेंडा तपासतो. फरशीखालचे काटे माणूस किती वेळा या पायावरचं वजन त्या पायावर टाकतो ते बघतात. माइक शब्द ऐकत नाहीत, आवाजाची धार तेवढी ऐकतात. या सगळ्यांतून शून्य ते शंभर असा एक आकडा निघतो. तो आकडा म्हणजे माणूस फुटायच्या किती जवळ आलाय त्याचं माप.

इथवर नुसतं मोजमाप. खरी गोम पुढच्या गणितात होती. रांगांचा अभ्यास करणाऱ्यांना कित्येक दशकांपासून एक नियम माहीत आहे: प्रत्येकाला ताटकळत ठेवण्याची किंमत ठरवा, तिला त्याचं काम उरकायला लागणाऱ्या वेळानं भागा, आणि ज्याचा आकडा मोठा येईल त्याला आधी घ्या. एकूण नुकसान सगळ्यांत कमी होतं. दवाखान्यात ही किंमत म्हणजे दुखणं. बंदरावर ती म्हणजे हाणामारी, कारण एक हाणामारी झाली की सगळ्या रांगा अकरा मिनिटं थांबतात आणि अशा चार झाल्या की भरती हुकते. पूर्वी जास्त पैसे मोजणाऱ्याला आधी सोडत, ते कोर्टानं बंद केलं. मग कुणा हुशार माणसाच्या डोक्यात आलं, की ज्याला थांबवल्यानं सगळ्यांत जास्त नुकसान होतं, त्यालाच आधी का घेऊ नये? आणि जो निमूट उभा राहतो त्याला थांबवायला लागतं काय? काहीच नाही. गणितानं त्याला शेवटी नेऊन ठेवलं. हिशोब चोख होता.

पहिल्या वर्षी बंदरावरच्या मारामाऱ्या एकदम कमी झाल्या. मारामारी करणारे आधीच जहाजात जाऊन बसत, त्यामुळे. दुसऱ्या वर्षी लोक शिकले. घरून निघतानाच भांडून निघायला लागले. लग्नं, मुंजी, सफरी, सगळ्यांच्या आधी आठवडाभर घराघरांत जुनी मढी उकरून ठेवायची पद्धत पडली. टर्मिनलच्या बाहेर खुर्च्या टाकून माणसं बसायला लागली, त्यांना टोचे म्हणतात. दोन मिनिटांत तुमची दुखरी नस शोधून तिच्यावर बोट ठेवून देतात.

"आणि जे शांत राहतात त्यांचं काय होतं?" हेमंतरावांनी विचारलं.

"दर खेपेला पन्नास-साठ राहतात," कुबल म्हणाले. "पुढच्या जहाजाचं तिकीट देतात त्यांना. तक्रार कोणी करत नाही. तक्रार करणारे असते तर राहिलेच नसते."

एवढं बोलून होईपर्यंत कुबलांची पट्टी थरथरली. सांगता सांगता त्यांना आपल्या भागीदाराची आठवण झाली होती. ते सातव्या रांगेत गेले.

अडीच वाजता मिहिकाचा फोन आला. मागे सनई लावलेली ऐकू येत होती.

"बाबा, अजून खाली काय करताय तुम्ही? मी दोनदा डेस्कवर जाऊन आले. ते म्हणतात, आम्ही नाव बघत नाही, आकडा बघतो. मुलीचं लग्न आहे म्हटलं, तरी तेच."

"येतो गं. नंबर येईल."

"नाही येणार बाबा. कालच्या बंदरावर अखिलच्या काकांचे मित्र राहिले असेच. चिडा ना जरा. आईला द्या फोन." आणि मग सुचेताला, रडवेल्या आवाजात: "आई, बाबांना चिडायला सांग. तू पण चीड. काहीही कर. तुम्ही दोघं नसाल तर मी उभीच राहणार नाही बोहल्यावर."

फोन ठेवून सुचेतानं हॉलमधल्या मोठ्या घड्याळाकडे पाहिलं. मग पुढच्या माणसांवरून नजर फिरवली. तीनशेच्या वर सहज होती.

"चला," ती म्हणाली, "भांडू या."

"कशावरून?"

"कशावरूनही. ओला टॉवेल गादीवर टाकता त्यावरून. तुमच्या भावानं परड्यातली जागा बळकावली आणि तुम्ही तोंड उघडलं नाहीत त्यावरून."

हेमंतरावांनी मनापासून प्रयत्न केला. छाती भरून घेतली आणि स्टँडवरच्या आवाजात ओरडले, "मला सांगायचं नाही हां! तू तरी कधी आमटीत मीठ नीट घातलंस?" दोन रांगांतली माणसं वळून बघायला लागली. पट्टी थरथरली, पण बाण काही उजळला नाही. छतातून एक गोड आवाज आला: "दिखाऊ क्षोभ आढळला. दहा अंक वजा." हेमंतरावांची पट्टी चारवर आली. घसा ओरडत होता, काळीज मात्र आपल्या चालीनं चाललं होतं, आणि डबीला काळजाशीच देणंघेणं होतं.

सात नंबरमधून कुबल ओरडले, "नुसतं घशातून काढून काय उपयोग? आत काही जुनं आहे का तुमच्यात? न बोललेलं? ते काढा."

"काही नाही हो आमच्यात तसलं," हेमंतराव म्हणाले. "एकोणतीस वर्षं झाली लग्नाला."

"आहे," सुचेता म्हणाली.

ती इतक्या खालच्या आवाजात बोलली, की हेमंतरावांना वाटलं ती काही आठवतेय. तिनं बॅग बाजूला सारली आणि त्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

"तुमच्या निरोप समारंभात शिंत्रे साहेबांनी भाषण केलं. काय सांगितलं होतं त्यांनी?"

इतक्या गडबडीतही हेमंतरावांना जरा बरं वाटलं. "तेच की. सख्ख्या बायकोलासुद्धा रांगेत उभी करणारा माणूस. टाळ्या थांबेनात लोकांच्या."

"तुम्हाला शाल घातली, मला साडी दिली. मी हात जोडून उभी होते. त्याआधीही तुम्ही ती गोष्ट येईल त्या पाहुण्याला सांगायचात आणि मी आतून चहा आणायची. एवढ्या वेळा सांगितलीत, पण मी कुठं चालले होते ते एकदाही सांगितलं नाहीत."

"माहेरी चालली होतीस."

"कशाला?"

हेमंतरावांनी खांद्यावरची पिशवी सावरली. सुचेताच्या पट्टीवर एकेचाळीस होता.

"सकाळी दादाचा फोन आला होता, आबांचं काही खरं नाही, लगेच नीघ. मिहिका चार वर्षांची, तिला कडेवर घेऊन मी पळत स्टँडवर आले. नऊ वीसची गारगोटीची गाडी लागली होती. मी तुमच्या केबिनच्या काचेवर हात मारला. म्हटलं, अहो, कंडक्टरला सांगून एवढी एक जागा द्या, उभ्यानं जाते. तुम्ही माझ्याकडं बघितलं आणि माइक उचललात. अख्ख्या स्टँडला ऐकू गेलं. रांगेत या, रांग म्हणजे रांग. माझ्या पुढं दोन माणसं असताना गाडी भरली. पुढची दहा चाळीसला. मी पोचले तेव्हा आबांना खाली घेतलं होतं. दादा म्हणाला, शेवटपर्यंत दाराकडं बघत होते."

"सुचेता, मी तुला नंतर म्हटलं होतं की नियम सगळ्यांना—"

"थांबा. ते मी गिळलं असतं. माझा नवरा तत्त्वाचा माणूस आहे, असं म्हणून गिळलं होतंच." तिची मान ताठ झाली होती, नाकपुड्या फुलल्या होत्या, आणि आवाज मात्र चढत नव्हता. "गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हरच्या दारातून कोण चढलं?"

हेमंतरावांनी तिच्याकडे पाहिलं.

"शिंत्रे साहेबांचा मेहुणा. तुम्ही केबिनमधून उतरलात, गाडीला वळसा घालून पलीकडनं गेलात आणि त्याला हाताला धरून चढवलंत. त्याची बॅगसुद्धा तुम्हीच दिलीत वर. तुम्हाला वाटलं रांग अलीकडं आहे, कुणाला दिसायचं नाही. मी मिहिकाला खाली ठेवून गाडीच्या खालून बघत होते, तिची चप्पल तिकडं गेली होती. मला तुमचे बूट दिसले. मग उठून खिडकीतून बघितलं तर तुम्ही त्याला जागेवर बसवत होता. त्या वर्षी तुमची बढती होती."

हेमंतरावांना तो मेहुणा आठवला. त्याची चॉकलेटी बॅगही आठवली. ही गोष्ट त्यांनी स्वतःलासुद्धा कधी सांगितली नव्हती. तेवीस वर्षं ते ती बाजूला ठेवून उरलेली गोष्ट लोकांना सांगत आले होते, आणि सांगता सांगता उरलेलीच खरी झाली होती.

"रांग मोडली म्हणून राग नाही माझा," सुचेता म्हणाली. "माझ्या बापासाठी मोडली नाहीत आणि साहेबाच्या मेहुण्यासाठी मोडलीत. आणि वर त्याची शाल घेतलीत."

तिची पट्टी एकदम तांबडी झाली. आकडा होता एक्क्याण्णव. फरशीवरचा बाण नऊ नंबरपासून थेट एक नंबरपर्यंत उजळला, आणि आजूबाजूचे लोक वाट सोडून बाजूला झाले. काहींच्या नजरेत हेवा होता.

यंत्राच्या रचनेत एक सोय होती. ऐंशीच्या वरच्या माणसाला एक सोबती बरोबर नेता येतो, मग त्या सोबत्याचा आकडा काहीही असो. कारण चिडलेल्याला त्याच्या माणसापासून तोडलं तर तो आणखी चिडतो, आणि ते महागात पडतं. रेश्मा लगबगीनं नऊ नंबरच्या रांगेपर्यंत आली. तांबड्या पट्टीवाल्यांना घ्यायला समोरून जावं लागतं.

"या मॅडम, थेट आत. सोबत कोणी आहे का?"

सुचेता रांग अडवणाऱ्या पट्ट्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली होती. तिनं वळून हेमंतरावांकडे पाहिलं आणि पट्ट्यावरून हात पुढे केला. हेमंतरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी घामेजलेला तळवा शर्टाला पुसला आणि तिच्या हातात दिला.

तिनं तो झटकला.

"पिशवी," ती म्हणाली. "मुंडावळ्यांची."

त्यांनी खांद्यावरून खणाची पिशवी काढून दिली. तिनं ती उघडून आत मुंडावळ्या आहेत ना हे बघितलं, तोंड आवळून बंद केली आणि रेश्माकडे वळली.

"सोबत कोणी नाही. ते आहेत, पण त्यांना रांग मोडलेली चालत नाही."

ती बाणावरून चालत गेली. तीनशे माणसं पार करून एक नंबरच्या दारापाशी पोचली, मनगट दाखवलं आणि आत गेली. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही. रुखवताचं खोकं हेमंतरावांच्या पायाशीच राहिलं.

तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. अजून सत्तर मिनिटं होती, आणि एवढ्या वेळात माणूस काय वाटेल ते करू शकतो. हेमंतरावांनी फक्त चिडायचं होतं. पण त्यांच्या आत काहीतरी थिजलं होतं. भेदरून जागच्या जागी थिजलेल्या जनावराचं काळीज धावत नाही, उलट मंदावतं. माणसाचंही तसंच होतं. हात गार पडतात, श्वास उथळ होतो, पाय हलत नाहीत. रडारची डबी हे सगळं टिपते आणि तिला वाटतं, किती निवांत आहे हा माणूस. यंत्र बनवणाऱ्यांनी रागाच्या हजारो तऱ्हा त्याला शिकवल्या होत्या. शरमेची एकही शिकवली नव्हती. हेमंतरावांची पट्टी दोनवर आली.

कुबल आता तिसऱ्या रांगेत होते. जाता जाता त्यांनी माणुसकी केली. पट्ट्यापाशी थांबून म्हणाले, "अहो टिपुगडे, बायको तोंडावर थुंकून गेली तुमच्या. सगळ्या हॉलनं बघितलं. लाज नाही वाटत? लेकीच्या लग्नाला बाप खाली उभा, असला बाप काय कामाचा? ढोंगी माणूस तुम्ही."

"हो," हेमंतराव म्हणाले. "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे."

पट्टी एकवर आली. कुबलांनी कपाळावर हात मारला, स्वतःच भडकले आणि दुसऱ्या रांगेत गेले.

सव्वातीनला, साडेतीनला, पावणेचारला मिहिकाचे फोन आले. हेमंतरावांनी ते घेतले नाहीत. समोर कमरेएवढा पट्टा होता, दोन खांबांमध्ये ताणलेला. कडीतून काढला की निघणारा. तो ओलांडून धावत गेले असते, आरडाओरडा केला असता, पहारेकऱ्यांनी धरलं असतं, तरी त्या झटापटीत आकडा चढला असता. हे त्यांना समजत होतं. त्यांनी दोनदा कडीला हात लावला. पण पट्टा काढायचा म्हटलं, की डोळ्यांसमोर ड्रायव्हरच्या बाजूचं दार यायचं आणि त्या दाराशी स्वतःचे पॉलिश केलेले बूट. एकदा मोडली होती की रांग, असं त्यांना वाटायचं, आता कुठल्या तोंडानं मोडू. आणि आपण असाच विचार करत राहिलो तर लेक बोहल्यावर बापाशिवाय उभी राहील, हेही वाटायचं. हात कडीवरच राहिला.

सव्वाचारला भोंगा झाला. एक नंबरचं दार सरकत बंद झालं.

नवव्या रांगेत त्रेपन्न माणसं उरली होती. छतातला गोड आवाज म्हणाला, "आपल्या संयमाबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्यासाठी मुक्कामाची बस बाहेर उभी आहे." त्रेपन्नातले बावन्न जण एका ओळीत, कोणालाही धक्का न लावता, बसकडे गेले. हेमंतराव जागेवरच उभे राहिले. खटाखट आवाज करत सगळे पट्टे आपोआप खांबांत गुंडाळले गेले, खांब फरशीत उतरले, बाण विझले. थोड्या वेळानं फरशी पुसणारं यंत्र फिरत आलं आणि त्यांच्या पायांना वळसा घालून पुढे गेलं.

काचेतून जहाज दिसत होतं. ते वळलं, लहान झालं, आणि मग दिसेनासं झालं. रेश्मा दोनदा येऊन "काका, बस थांबलीय" म्हणून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं एक कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. त्यावर छापलं होतं: आजचे सर्वांत शांत प्रवासी. पुढच्या सफरीत एक जेवण मोफत होतं.

साडेसहाला फोन वाजला. या वेळी त्यांनी उचलला. पलीकडे वारा होता आणि सनईचा आवाज.

"बाबा," मिहिका म्हणाली. ती रडून झाली असावी, आवाज कोरडा होता. "बारा मिनिटं राहिलीत मुहूर्ताला. दुपारी म्हटलं होतं उभी राहणार नाही म्हणून, पण सगळे खोळंबलेत. आई मुंडावळ्या बांधतेय मला. मी विचारलं बाबा कुठे आहेत, तर म्हणते रांगेत आहेत. एवढंच म्हणते. जहाज तर कधीच सुटलंय. खरंच तुम्ही अजून रांगेत आहात?"

हेमंतरावांनी हॉलभर नजर फिरवली. फरशी स्वच्छ होती आणि तिच्यावर कुठेही रेघ नव्हती.

"हो," ते म्हणाले.

"किती जण आहेत पुढे?"

"कोणी नाही," हेमंतराव म्हणाले. "पहिला नंबर माझाच आहे."